सनी गेला, मग व्हिन्सेंट कसा टिकला?

प्रश्न : सुट्टीत ‘गॉडफादर’चे तिन्ही भाग मोबाइलवर पाहिले. तेव्हापासून बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्हा मित्रांची रोज हुज्जत चालते. सनी तापट होता म्हणून मेला, हे पटतं. मग त्याचाच पोरगा व्हिन्सेंट तितकाच तापट असून डॉन कसा होतो? एक जण म्हणतो, अनुभवानं माणूस पिकतो. दुसरा म्हणतो, हे सगळं फक्त सिनेमात होतं. आपल्याकडच्या ‘सत्या’ किंवा ‘वास्तव’मधला एखादा भाई असा पिकलेला दिसतो का? आणि हे पिकणं सिनेमावाले दाखवतात तरी कसं? घरी मला सगळे ‘डोस्कं गरम’ म्हणतात, वडिलांशी शेतीवरून रोज खटका उडतो, म्हणून जरा जास्तच विचारतोय.
– एक वाचक, रेणापूर (जि. लातूर)

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. कपोलाच्या ‘गॉडफादर’मध्ये तापट माणसाला नेता होता येतं, पण म्हणून त्याचा राग जात नाही. तो राग स्वतःच्या हातानं न वापरता दुसऱ्याकडून वापरून घ्यायला तो शिकतो, एवढाच बदल होतो. मुंबईच्या गुन्हेपटांत तर बहुधा तेवढंही होत नाही. तिथला तापट पोरगा पिकायच्या आत मरतो आणि त्याचा काटा काढणारा पुष्कळदा त्याच्याच बाजूचा, त्याच्या वर बसलेला माणूस असतो.

सनीपासून सुरुवात करू. १९७२ च्या पहिल्या भागातला सनी (जेम्स कान) म्हटलं की सगळ्यांना टोलनाक्यावरच्या गोळ्या आठवतात. माझ्या मते त्याचं मरण त्याच्या कितीतरी आधी, सोलोझोबरोबरच्या बैठकीतच ठरलेलं आहे. अमली पदार्थांच्या धंद्यासाठी भांडवल मागायला सोलोझो येतो. म्हातारा व्हिटो सभ्यपणे नकार देतो आणि मध्येच सनी एक वाक्य बोलून बसतो. त्या वाक्यात शिवी नाही की आरडाओरडा नाही. सौद्याबद्दलची उत्सुकता तेवढी आहे. सोलोझोला ती पुरते. बाप गेला तर पोरगा सौदा करील, असा हिशेब तो मांडतो आणि पुढे रस्त्यावर संत्री घेणाऱ्या व्हिटोवर गोळ्या झाडल्या जातात त्या याच हिशेबानं. सोलोझो नंतर टॉम हेगनला पकडून नेतो, तेव्हाही तो सनीच्या त्या उत्सुकतेचाच दाखला देतो. बैठक संपल्यावर व्हिटो सनीला झापतो, त्याचं कारण लक्षात ठेवा: घराबाहेरच्या माणसाला तुझ्या मनातलं कळलंच कसं, हा त्याचा संताप आहे.

आता टोलनाका. बहिणीला मारहाण करणाऱ्या मेव्हण्याला, कार्लोला, सनी भर रस्त्यात, पोराटोरांच्या देखत कचऱ्याच्या डब्याच्या झाकणानं बडवतो. प्रेक्षक खूश होतो. शत्रू त्याहून जास्त खूश होतो, कारण सनीला घराबाहेर काढायची किल्ली त्याच्या हाती आलेली असते. पुन्हा बहिणीला मार बसतो, फोन येतो, सनी कुणाचंही न ऐकता गाडी काढतो आणि टोलनाक्यावर माणसं आधीच तयार असतात. सनी शूर आहे, घरच्यांवर जीव टाकणारा आहे, बाप अंथरुणाला खिळल्यावर कारभारही काही काळ त्यानंच पाहिलेला आहे. त्याच्यात एकच गोष्ट कमी आहे. त्याचं पुढचं पाऊल कुठं पडणार, हे त्याच्या वैऱ्याला त्याच्याआधी ठाऊक असतं.

सनीचा भाऊ मायकेल (अल पचिनो) तापट नाही, असं तुमच्या हॉटेलात कुणी म्हणालं असेल तर मला ते मान्य नाही. पोलीस कॅप्टन मॅक्लस्की दवाखान्याबाहेर त्याचा जबडा फोडतो. त्यानंतरचा प्रसंग पुन्हा लावून पाहा. खोलीत सनी येरझारा घालतोय, टेसिओ आणि क्लेमेंझा बसलेत, आणि सुजलेल्या गालाचा मायकेल खुर्चीत पायावर पाय टाकून, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून हळू आवाजात सांगतो की सोलोझो आणि कॅप्टन या दोघांनाही मीच मारीन. कॅमेरा अगदी सावकाश त्याच्याकडे सरकतो. बाकीचे हसतात. सनीला वाटतं, थोबाडीत बसली म्हणून पोरगा चिडलाय. चिडलाय हे खरंच आहे. पण या रागाला जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, पिस्तूल संडासाच्या टाकीमागं कुणी ठेवायचं हेही ठरणार आहे. सनीचा राग त्याला ओढत नेतो. मायकेलचा राग मायकेल सांगेल त्या दिवसापर्यंत थांबतो. खुर्ची कुणाकडे जाणार, ते त्या दीड-दोन मिनिटांत कळून चुकतं. तेव्हा सनी अजून मेलेलाही नसतो.

आता व्हिन्सेंट. तिसरा भाग १९९० चा, म्हणजे दुसऱ्या भागानंतर सोळा वर्षांनी आलेला. व्हिन्सेंट मँचिनी (अँडी गार्सिया) हा सनी आणि ल्युसी मँचिनी यांचा अनौरस मुलगा. काकाच्या समारंभात सगळे सुटाबुटात असताना हा चामड्याचं जाकीट घालून येतो. मायकेल त्याचा आणि जोई झाझाचा समेट घडवायला बसतो, दोघं मिठी मारतात आणि त्या मिठीतच व्हिन्सेंट झाझाचा कान चावतो. बाप आठवावा असा हा प्रवेश आहे. मायकेल त्याला हाकलून देत नाही, जवळ ठेवून घेतो. मला वाटतं, सनीच्या बाबतीत जे करायचं राहून गेलं ते म्हातारा मायकेल इथं करू पाहतो.

पुढचा क्रम नीट बघा, तुमचं उत्तर त्यात आहे. अटलांटिक सिटीतल्या बैठकीवर हेलिकॉप्टरमधून गोळीबार होतो तेव्हा व्हिन्सेंट मायकेलला वाचवतो. इथं त्याचा आडदांडपणा कामी येतो. मग मायकेल आजारी पडून दवाखान्यात असताना व्हिन्सेंट आत्या कॉनीची संमती घेऊन झाझाचा खून करतो, तोही रस्त्यावरच्या जत्रेत, घोडेस्वार पोलिसाच्या वेशात, स्वतःच्या हातानं. मायकेल शुद्धीवर येतो आणि भडकतो. शत्रूचा द्वेष करू नये, द्वेषानं निर्णय बिघडतो, हा धडा तो याच सुमारास देतो. आणि त्यानंतर येतं खरं शिक्षण. सिसिलीत मायकेल त्याला डॉन आल्टोबेल्लोकडे पाठवतो, फितुरीचं सोंग घेऊन. ज्या पोराच्या तोंडावर सगळं उमटतं, त्यानं आता आपल्याच काकाचा विश्वासघात करायला निघालोय असं भासवायचं, समोरच्याचा हात हातात घ्यायचा, गोड बोलायचं आणि मनातलं कळू द्यायचं नाही. सनीला बापानं जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते व्हिन्सेंटला करून दाखवावं लागतं. एवढं जमल्यावरच त्याला खुर्ची मिळते, आणि तीही एका अटीवर: मायकेलच्या मुलीवरचं, मेरीवरचं, प्रेम सोडायचं. तो सोडतो. पालेर्मोच्या ऑपेरागृहात तो काळ्या सुटात बसलेला असतो आणि दूर कुठं कुठं त्याच्या हुकमावरून माणसं मरत असतात. जत्रेत घोड्यावरून स्वतः गोळ्या घालणारा आता हुकूम देतो आणि काम दुसरे करतात. पडद्यावर तापट माणूस पिकला म्हणतात, ते एवढ्यालाच.

हे पिकणं मला पूर्ण पटत नाही, तेही सांगून टाकतो. अँडी गार्सियाचं काम चोख आहे, सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं होतं. पण पटकथेला घाई झाली आहे. आढीत न घालता पावडर मारून पिकवलेल्या आंब्यासारखा व्हिन्सेंट वरून पिवळा दिसतो, आत किती उतरलाय ते चित्रपट दाखवत नाही. त्याच वर्षी स्कॉर्सेसीचा ‘गुडफेलाज’ आला. त्यातला टॉमी (जो पेशी) व्हिन्सेंटहून भडक डोक्याचा. टोळीत कायमचं मानाचं स्थान मिळणार म्हणून तो नटूनथटून जातो, खोलीत शिरतो, खोली रिकामी दिसते आणि मागून गोळी येते. टोळ्यांच्या जगात तापट माणसाचं बहुधा काय होतं, याचं उत्तर म्हणून मला टॉमी जास्त खरा वाटतो.

आता आपल्याकडं येऊ. इथं मला जास्त बोलायचंय.

मुंबईच्या गुन्हेपटांतला तापट पोरगा आकाशातून पडलेला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकामागून एक मिटत गेल्या. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत बाप घरी बसले आणि पोरं नाक्यावर आली. टोळ्यांना पंटर हवेच होते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकातल्या कामगाराच्या घरातला नरू असाच टोळीकडे जातो आणि त्याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. या पोरांचा राग खरा होता आणि त्याला कारण होतं. पण त्या रागाला पुढं वाट नव्हती, हे आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी अगदी जवळून पाहिलं होतं.

म्हणून ‘सत्या’ पाहा. १९९७ च्या जानेवारीत गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत यांचा पवईत खून झाला, ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमार यांचा. जुलै १९९८ मध्ये ‘सत्या’ पडद्यावर आला तेव्हा टोळीयुद्ध आणि पोलिसांच्या चकमकी यांच्या बातम्या सतत पहिल्या पानावर असत. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री कोण होते, हे रेणापूरकराला सांगायला नको. गोपीनाथ मुंडे तुमच्याच रेणापूर मतदारसंघाचे आमदार होते आणि १९९५ ते १९९९ या काळात उपमुख्यमंत्रिपदाबरोबर गृहखातंही सांभाळत होते. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा १९९९ चा, त्यांच्याच कारकिर्दीतला. २००८ च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघ गेला, तुमचा तालुका आता लातूर ग्रामीणमध्ये आहे. सांगायचं एवढंच की ज्या मुंबईवर राम गोपाल वर्मा चित्रपट काढत होता, तिच्या फायली तुमच्या आमदारांच्या टेबलावर होत्या.

‘सत्या’मधला भिकू म्हात्रे (मनोज बाजपेयी) हा आपल्या पडद्यावरचा सगळ्यात लाडका तापट माणूस. या भूमिकेनं बाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पण तो पिकतो का? नाही. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांच्या पटकथेनं इथं फार हुशारी केली आहे. एका नेत्याला लागणारे दोन गुण त्यांनी दोन माणसांत वाटून टाकले. भिकूकडे टोळी आहे, दरारा आहे, दिलदारी आहे, बायकोशी भांडताना आणि लाड करताना सारखाच उफाळणारा जीव आहे. सत्याकडे यातलं काहीच नाही, घर नाही, मागचा इतिहास नाही, पण त्याचं डोकं बर्फाचं आहे. तुरुंगात दोघं मारामारी करूनच ओळखीचे होतात. भिकूला हा पोरगा आवडतो, कारण आपल्याकडे जे नाही ते त्याला तिथं दिसतं. गुरू नारायणचा काटा काढायची वेळ येते, पोलीस आयुक्ताला मारायचं ठरतं, तेव्हा थंड सल्ला सत्याचा असतो आणि भिकूची टोळी तो अमलात आणते. त्यामुळं टोळी वाढते आणि वाटतं, भिकू नेता झाला. खरं तर तो उसन्या डोक्यावर चालतोय. भाऊ ठाकूरदास जावळे निवडणूक जिंकतो आणि विजयाच्या आनंदात भिकूला बोलावतो, तेव्हा सत्या बरोबर नसतो. भिकू भोळेपणानं जातो आणि तिथंच गोळी खातो. त्याला राग मारत नाही. ज्या मोकळ्या मनातून राग येत होता, त्याच मोकळ्या मनातला विश्वास त्याला मारतो. सनीला बापानं दिलेली ताकीद भिकूला देणारं कुणी नव्हतं.

भाऊ जावळेकडे लक्ष द्या, कारण माझं मुख्य म्हणणं त्याच्याबद्दल आहे. ‘गॉडफादर’च्या जगात खुर्ची टोळीच्या घरातच असते. न्यायाधीश आणि पुढारी व्हिटोच्या खिशात असतात, म्हणून व्हिन्सेंट पिकला तर त्याला बसायला जागा आहे. मुंबईच्या चित्रपटांत हे उलटं आहे. भाई पुढाऱ्याच्या खिशात असतो. भिकूच्या वर भाऊ आहे. ‘वास्तव’मधल्या रघूच्या वर गृहमंत्री बबनराव आहे. या रघूनं, भिकूनं कितीही शहाणपण कमावलं तरी ज्या जागेवर त्या शहाणपणाचा उपयोग, ती जागा आधीच भरलेली आहे. उलट, तापट पोरगा तापट राहिला तर वरच्या माणसाची सोय होते. त्याला सोडायचं तेव्हा सोडता येतं आणि नको झाला की चकमकीत संपवता येतं.

‘वास्तव’ (१९९९) मध्ये हे उघडंनागडं दिसतं. रघू (संजय दत्त) पावभाजीची गाडी लावणारा चाळीतला पोरगा. गाडीवरच्या भांडणात त्याच्या हातून खून होतो आणि परतीची वाट बंद होते. पुढं पैसा येतो, माणसं येतात, घरी आईपुढं गळ्यातली जाड सोन्याची चेन मिरवायला तो येतो. या प्रसंगात संजय दत्तचं हसू नीट पाहा. ते हसू नेत्याचं नाही, पहिला पगार घेऊन घरी आलेल्या पोराचं आहे. सत्ता वाढते तसा तो आणखी बेभान होतो, नशेच्या आहारी जातो, स्वतःच्या सावलीला भितो. रघूला माणसं मिळाली, शांतता मिळाली नाही. बबनरावांना त्याची गरज संपते आणि शेवटी आई त्याला या सगळ्यातून सोडवते ती गोळी घालून. आईच्या भूमिकेत रीमाताईंनी तो प्रसंग असा केलाय की आजही बघवत नाही. व्हिन्सेंटशी तुलना करायची तर रघूला मायकेल भेटला नाही, बबनराव भेटला.

गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) याहून कडू आहे. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. तिथं डोकं गरम असलेला माणूस पोलिसात आहे, सब-इन्स्पेक्टर वेलणकर (ओम पुरी), आणि गुंड रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) मात्र लुंगी नेसून, आवाज न चढवता बसलेला. नेत्याचे सगळे गुण गुंडात आणि सगळा संताप कायद्याच्या अंगात. आणि तो शांत बसलेला माणूस निवडणुकीला उभा आहे, हे तेंडुलकरांनी १९८३ मध्येच सांगितलं होतं.

एका माणसानं खऱ्या आयुष्यात ती वरची खुर्ची स्वतःच पटकावायचा प्रयत्न केला. दगडी चाळीच्या अरुण गवळीनं १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला, २००४ मध्ये चिंचपोकळीतून तो आमदार झाला आणि शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनात २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्यावर बेतलेला ‘दगडी चाळ’ (२०१५) मराठीत चांगला चालला. मकरंद देशपांडेंचा डॅडी तिथं चित्रपट सुरू होतानाच पिकलेला आहे, थंड नजरेचा, कमी बोलणारा. तो तसा कसा झाला, ते चित्रपट विचारतच नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण आपल्याला खरं कुतूहल त्या मधल्या वर्षांचं असतं.

मग मुंबईत पिकलेला तापट माणूस दाखवणारा एकही चित्रपट नाही का? आहे, पण तो तमिळ आहे. मणिरत्नमचा ‘नायकन’, १९८७. वरदराजन मुदलियारवरून सुचलेली कथा, धारावीची वस्ती, कमल हासनचा वेलू. पोरवयातच त्याच्या हातून खून झालेला आहे. पुढं त्याला वाढवणाऱ्या माणसाला इन्स्पेक्टर केळकर मारतो आणि वेलू भर दिवसा, वस्तीच्या देखत केळकरला मारतो. इथपर्यंत तो सनीच आहे. पण त्यानंतर वेलू जे करतो ते सनीनं केलं नसतं, मायकेलनंही नाही. त्या केळकरच्या विधवेचा आणि तिच्या मतिमंद मुलाचा भार तो उचलतो. आपल्या रागानं कुणाचं घर बसलं, ते जाऊन पाहतो आणि त्याचा हिशेब स्वतःच्या खात्यावर लिहून घेतो. वस्ती त्याला नायक मानते ती भीतीनं नाही. मला हे व्हिन्सेंटच्या ऑपेरागृहापेक्षा फार मोठं वाटतं. आणि मणिरत्नम त्याला सोडत नाही. वेलू कोर्टातून निर्दोष सुटून बाहेर येतो आणि त्याच केळकरचा तोच मुलगा, आता मोठा झालेला, त्याच्यावर गोळी झाडतो. ‘नायकन’चा हिंदी अवतार म्हणजे ‘दयावान’ (१९८८), विनोद खन्नाचा. तो पाहिला असेल तर विसरा आणि मूळ चित्रपट उपशीर्षकं लावून पाहा.

पिकणं दाखवतात कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्याच्या खुणा थोड्याच आहेत आणि एकदा कळल्या की कुठल्याही चित्रपटात दिसतात. आवाज खाली येतो. माणूस बसून राहतो आणि बाकीचे उभे राहतात. गाडी दुसरा चालवतो. बोलण्याआधी थांबणं वाढतं. ब्रँडोच्या व्हिटोचे डोळे पहिल्या प्रसंगात नीट दिसतही नाहीत, छायाचित्रकार गॉर्डन विलिसनं वरून दिवा टाकून ते अंधारात ठेवले, म्हणजे समोरच्याला मनाचा ठाव लागू नये. ‘सरकार’ (२००५) मध्ये अमिताभ बच्चनचा सुभाष नागरे बशीत ओतून चहा पितो, आणि त्या संथ घोटांवरूनच घरातली सत्ता कुणाची ते कळतं. थोरला मुलगा विष्णू (के. के. मेनन) मात्र कधी स्थिर बसलेला दिसत नाही. संतापाच्या भरात चित्रीकरणाच्या जागी नटाचा खून करतो, घराबाहेर काढला जातो आणि शत्रूच्या हातातलं हत्यार होतो. शेवटी धाकटा शंकरच त्याला संपवतो. राम गोपाल वर्मानं हा चित्रपट ‘गॉडफादर’ला मानवंदना म्हणून केला, तेव्हा विष्णू म्हणजे सनी हे उघड आहे. पण सनीला शत्रूंनी मारलं, विष्णूला सख्ख्या भावानं. आपल्या मराठी पडद्यावर या शांततेचा उस्ताद होता निळू फुले. ‘सामना’ (१९७४) मधला हिंदुराव आवाज न चढवता जे करतो ते चार पिस्तुलांना जमणार नाही.

आता तुमच्या गरम डोक्याबद्दल. पडद्यावर पिकणं म्हणजे राग लपवणं आणि दुसऱ्याच्या हातून वापरणं, हे वर सविस्तर सांगितलंच. ते शिकण्यासारखं नाही. व्हिन्सेंटनं त्यासाठी मेरी सोडली, आणि ती तरीही मेली. वेलूचं मात्र शिकण्यासारखं आहे: आपण भडकलो तेव्हा कुणाचं काय मोडलं, ते दुसऱ्या दिवशी जाऊन बघणं. तुमच्या घरात तेवढं पुरेल.

आणि वडिलांशी शेतीवरून खटका उडतो म्हणालात, म्हणून एक चित्रपट मुद्दाम सुचवतो. प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’, २०१८. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात सखाराम पाटील जमीन विकतो, आलेला पैसा उडतो आणि एकेकाळचं बागायतदार घर पुण्यात हमालीला लागतं. मुलगा राहुल्या (ओम भूतकर) गुन्हेगारीत शिरतो, मोठा भाई होतो, आणि त्याच्या रागाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, जो तो बापाला विचारत राहतो: तुम्ही जमीन विकलीच का? पुढं मांजरेकरांनीच याचा हिंदीत ‘अंतिम’ केला (२०२१). राहुल्याही पिकत नाही. पण त्याचा राग कुठून आला, हे आपल्या कुठल्याही गुन्हेपटानं इतकं स्पष्ट दाखवलेलं नाही. लातूरच्या आसपासही आता शेतांचे प्लॉट पडतायत, तेव्हा ही गोष्ट काही फक्त पुण्याची नाही. हा चित्रपट एकट्यानं मोबाइलवर पाहू नका. वडिलांना शेजारी बसवून पाहा. मोहन जोशींनी केलेला सखाराम त्यांना तुमच्याहून जास्त कळेल, आणि ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा.